कंबरेचा घेर आणि हातातला फोन

१२ जानेवारी २०२१ च्या पहाटे कोव्हिशिल्डच्या कुप्या घेऊन पहिले ट्रक सीरम इन्स्टिट्यूटच्या मांजरीतल्या आवारातून पुणे विमानतळाकडे निघाले. मे महिन्यात १८ ते ४४ वयाच्या लोकांसाठी लसीकरण खुलं झालं, तेव्हा नियम होता की आधी कोविन पोर्टलवर नाव नोंदवायचं, तारीख आणि वेळ मिळवायची, मगच केंद्रावर जायचं. ज्यांच्याकडे चांगला फोन, वेगवान इंटरनेट आणि नोंदणी उघडायच्या क्षणी स्क्रीनसमोर बसण्याइतकी मोकळीक होती, त्यांना वेळ मिळाली. अनेक ठिकाणी शहरातली माणसं गाड्या काढून खेड्यातल्या केंद्रांवर पोचली आणि त्या खेड्यातली माणसं बाहेर उभी राहिली. ३१ मेच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानं केंद्र सरकारला विचारलं की, ज्यांच्याकडे ही साधनंच नाहीत त्यांनी काय करायचं? जूनपासून सगळीकडे थेट केंद्रावर नोंदणी करून लस घेता येऊ लागली.

लस दोनदा घ्यायची होती. वजन, साखर आणि रक्तदाब यांच्याकडे मात्र रोज पाहावं लागतं, तेही वर्षानुवर्षं. म्हणून फोनवरून लोकांचं वजन उतरवू पाहणाऱ्या प्रत्येकानं कोविनचे ते दोन महिने आधी आठवावेत असं मला वाटतं. जिथून ती लस निघाली त्या मांजरीत तर ते आवर्जून आठवावेत.

मुळा-मुठेच्या काठचं हे गाव. पुणे-सोलापूर रस्त्यावरून हडपसर ओलांडलं की डाव्या हाताला मांजरी बुद्रुक, नदीपलीकडे मांजरी खुर्द. पुणे-दौंड मार्गावर इथं रेल्वे स्थानक आहे. साखर कारखान्यांना तंत्रज्ञान देणारी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट इथं आहे आणि राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रही इथलंच. बाजार समितीच्या उपबाजारात आसपासचे शेतकरी मेथी, कोथिंबीर, पालकाच्या गड्ड्या घेऊन येतात आणि त्या शहरभर जातात. ३० जून २०२१ रोजी एकूण २३ गावं पुणे महापालिकेत आली, त्यांत मांजरी बुद्रुकही होतं. मगरपट्टा आणि अमानोराचे मनोरे इथून जवळ आहेत. त्या मनोऱ्यांतली भांडी घासणाऱ्या, फरशी पुसणाऱ्या, फाटकावर रात्र काढणाऱ्या माणसांपैकी कितीतरी जणांच्या खोल्या या बाजूच्या वस्त्यांत आहेत. बरीच कुटुंबं लातूर, बीड, धाराशिव, सोलापूरकडून आलेली. अशा वस्त्यांत आजकाल 'शुगर निघाली', 'बीपीची गोळी चालू आहे', 'पोट सुटलंय' ही वाक्यं चाळिशीच्या आतल्या माणसांच्या तोंडून ऐकू येतात. लठ्ठपणा हा खात्यापित्या घरचा आजार, हा समज आता टाकून द्यायला हवा.

हा समज चुकीचा आहे हे जगाला पुण्यानंच दाखवलं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. या बायांचं सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होतं. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्पटनची ३.५ किलोची. पुण्याची बाळं सगळ्या मापांत लहान निघाली, पण त्वचेखालची चरबी त्यांनी बऱ्यापैकी राखून ठेवलेली होती. कमी पडले होते ते स्नायू आणि पोटातले अवयव. 'बारीक पण चरबीचं बाळ' ही कल्पना तिथून जगभर गेली. पुढे २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिकांचा आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्याला आणि उंचीच्या पट्टीला जे दिसलं नाही ते या एका फोटोनं दाखवलं.

याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, जी मांजरीत तरी विसरता येऊ नये. गरोदरपणात ज्या बाया हिरव्या पालेभाज्या, दूध, फळं जास्त वेळा खात होत्या, त्यांची बाळं आकारानं मोठी होती. उपबाजारातून निघणारी मेथीची गड्डी ती उचलणाऱ्या हमालाच्या ताटात किती वेळा पडते, हा म्हणून आरोग्याचाच प्रश्न आहे.

पोटात असताना उपाशी राहिलेलं शरीर पुढे शहरात येतं आणि त्याला भरपूर पीठ, तेल आणि साखर मिळू लागते, तेव्हा चरबी आधी पोटाभोवती जमते. म्हणून भारतीयांसाठी बॉडी मास इंडेक्सची धोक्याची रेषा २५ ऐवजी २३ ला धरतात, आणि कंबरेचा घेर पुरुषाचा ९० सेंटिमीटरच्या, बाईचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा असं सांगतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आणि साडेतेरा कोटींहून अधिक मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे लोक असल्याचा अंदाज आला. पोटाचा घेर वाढलेल्यांचं प्रमाण ३९.५ टक्के होतं. मांजरीच्या वस्तीत काम करायचं तर पहिलं साधन शिंप्याकडची टेप हेच. फोन त्यानंतर.

आता त्या वस्तीतला दिवस पाहू. सोसायट्यांत घरकाम करणारी बाई सकाळी साखरेचा चहा आणि पाव किंवा बिस्किटावर निघते. दुपारी एखाद्या घरी उरलेलं मिळतं, कधी मिळत नाही. घरी परतल्यावर तिचं खरं जेवण चारला होतं आणि दुसरं रात्री दहाला. मराठवाड्यात असताना घरात ज्वारीची भाकरी होती. इथं रेशनवर गहू-तांदूळ फुकट मिळतात आणि ज्वारी दुकानातून विकत आणावी लागते. साहजिकच ताटात पोळी-भात वाढला, डाळ पातळ झाली. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारनं १०० रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला. त्यात एक किलो रवा, एक किलो चणाडाळ, एक किलो साखर आणि एक लिटर पामतेल होतं. सण साजरा व्हावा ही त्यामागची भावना खरी होती, आणि ज्या घरात त्यामुळे करंजी झाली त्या घराचा आनंदही खरा. पण गरिबाच्या घरी स्वस्तात आधी काय पोचतं, हे त्या पिशवीवरून कळतं. आयसीएमआरच्याच पाहणीतून २०२५ मध्ये समोर आलं की भारतीयांच्या आहारातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते. ज्याला महिन्याचा किराणा मोजून भरायचा असतो, त्याच्यासाठी ही आवडीनिवडीची गोष्ट नाही.

अशा दिवसात बाजारातलं वजन कमी करायचं अॅप काय करतं? ते विचारतं, सकाळी काय खाल्लं? वाट्या किती, ग्रॅम किती, फोटो काढा. बाईनं उभ्याउभ्या अर्धी पोळी आणि मिरचीचा ठेचा खाल्लेला असतो. अॅप पावलं मोजतं. पण भांडी घासताना आणि फरशी पुसताना फोन ओल्या हाताला नको म्हणून पिशवीत किंवा खिडकीत ठेवलेला असतो. दिवसभर तीन-तीन जिने चढणाऱ्या बाईला संध्याकाळी स्क्रीन सांगते की आज तुम्ही फारशा चालला नाहीत. उलट फाटकावर बारा तास बसून राहणाऱ्या वॉचमनला ती दहा हजार पावलांचं उद्दिष्ट देते. त्याची जागा सोडायची त्याला मुभा नसते आणि झोपेची वेळ दिवसा असते. तो रात्री जागं राहण्यासाठी चहा पितो, चहाबरोबर खारी. त्याचं वजन आळसानं वाढलेलं नसतं. ते त्याच्या ड्युटीनं वाढलेलं असतं. पैसे भरल्यावर मिळणारा आहारतज्ज्ञ, ब्लूटूथचा वजनकाटा, इंग्रजी किंवा पुस्तकी मराठीतल्या सूचना हे सगळं ज्यांच्याकडे आधीच वेळ आणि पर्याय आहेत त्यांच्यासाठी बांधलेलं असतं.

फोनही एकटीचा असेल असं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या ५४ टक्के बायांनी सांगितलं की आपल्याकडे स्वतः वापरायचा मोबाइल आहे. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बाया ३३ टक्के, पुरुष ५७ टक्के होते. त्यानंतर फोन वाढले असतील, पण संध्याकाळी तो मुलाच्या हातात असतो, स्टोरेज भरलेलं असतं आणि महिनाअखेर रिचार्ज संपलेलं असतं. ही अडचण माहीत नसलेल्या माणसानं वस्तीसाठी अॅप बनवू नये.

तरीही फोनवरून वजन उतरवण्याची महाराष्ट्रातली एक मोठी चळवळ मराठीतूनच उभी राहिली आणि तिला कोणतंही खास अॅप लागलं नाही. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दोन वेळा जेवायची पद्धत मांडली. कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखा, ५५ मिनिटांत जेवण संपवा, मध्ये काही खाऊ नका, ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. त्यांची व्याख्यानं यूट्यूबवर घरोघरी पोचली आणि व्हॉट्सअॅपवर गटामागून गट झाले. लोक तिथं वजन, पोटाचा घेर, रक्त तपासणीचे आकडे टाकत, स्वयंसेवक उत्तरं देत. सल्ला फुकट होता. आहारशास्त्राच्या बाजूनं या पद्धतीवर टीका झाली, वादही झाले. तिच्यातलं वैद्यकीय सत्य किती, हा तज्ज्ञांचा प्रांत आहे. मला महत्त्वाचं वाटतं ते तिच्या पसरण्यामागचं कारण. नियम एका वाक्यात सांगता येत होता, मराठीत होता, वाट्या-ग्रॅमची मोजदाद नव्हती आणि चुकल्यावर विचारायला ओळखीचा गट होता. हे चारही गुण पैसे न देता मिळाले.

मांजरीच्या वस्तीत ही पद्धत जशीच्या तशी न्यायला मात्र मी घाबरेन. सुरुवातीच्या रक्त तपासण्यांचाच खर्च रोजंदारीच्या माणसाला जड जातो. त्याहून मोठा धोका औषधांचा आहे. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यानं डॉक्टरला न विचारता एक जेवण गाळलं तर साखर अचानक खाली जाते, घाम फुटतो, भोवळ येते. दहाव्या मजल्यावरच्या परांचीवर चढलेल्या बांधकाम मजुराला ती भोवळ जिवावर बेतू शकते. गट कितीही प्रेमळ असला तरी कोण कुठली गोळी घेतं हे त्याला माहीत नसतं. ते दवाखान्याला माहीत असतं. म्हणून गट आणि दवाखाना यांची गाठ घालावी लागते.

फोनवरच्या साध्या संदेशानं काय साधतं याचा चांगला पुरावा आपल्या देशातच आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या पथकानं दक्षिणेतल्या ५३७ नोकरदार पुरुषांवर केलेला प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. हे सगळे मधुमेहाच्या उंबरठ्यावर होते. सुरुवातीचा सल्ला दोन्ही गटांना सारखाच दिला आणि मग एका गटाला दोन वर्षं नियमित एसएमएस पाठवले. संदेश न मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांना मधुमेह झाला, मिळालेल्यांपैकी १८ टक्क्यांना. स्मार्टफोनही लागला नाही. आणि नीट पाहण्याची गोष्ट ही की दोन्ही गटांच्या वजनात म्हणावा असा फरक पडला नव्हता, खाण्याच्या सवयी मात्र सुधारल्या होत्या. याच पथकाच्या २००६ मधल्या अभ्यासातही राहणी बदलून मधुमेह सुमारे २८ टक्क्यांनी घटला होता आणि तिथंही वजन फारसं उतरलं नव्हतं. आपल्या शरीरात वजन न वाढणं हीच मोठी कमाई असते, असा अर्थ मी यातून काढते.

अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाचे गॅरी बेनेट यांनी हीच गोष्ट उघड उद्दिष्ट म्हणून ठेवली. उत्तर कॅरोलायनातल्या, गरिबांसाठीच्या सामुदायिक दवाखान्यांत येणाऱ्या १९४ कृष्णवर्णीय बायांना त्यांनी 'वजन उतरवा' असं सांगितलं नाही, 'आहे तेवढंच ठेवा' असं सांगितलं. आठवड्यातून एकदा यंत्राचा फोन यायचा आणि त्या बटण दाबून उत्तर द्यायच्या. महिन्यातून एकदा आहारतज्ज्ञाशी बोलणं व्हायचं. उद्दिष्टं साधी होती, जसं की गोड पेय नको. वर्षानं त्यांचं वजन सरासरी एक किलोनं उतरलेलं होतं, नेहमीचा सल्ला मिळालेल्या बायांचं अर्धा किलोनं वाढलेलं. आकडा छोटा आहे, पण वजन वर्षाला अर्ध्या-एक किलोनंच चढतं आणि दहा वर्षांनी शरीर अनोळखी होतं. त्या चढणीवर थांबता येतं हे या बायांनी दाखवलं, आणि थांबायला लागलं ते एवढंच, बटणांची साधी घंटी आणि महिन्यातून एकदा बोलणारं माणूस.

बोलका फोन मराठीतही जुना आहे. मुंबईच्या 'आरमान' संस्थेच्या डॉ. अपर्णा हेगडे यांनी 'एममित्र' सुरू केलं, त्याला बरीच वर्षं झाली. वस्त्यांतल्या गरोदर बायांना आणि तान्ह्या बाळांच्या आयांना आवाजी संदेश जातात. भाषा कोणती हवी आणि फोन कुठल्या वेळी यावा, हे बाई नोंदणीच्या वेळी स्वतः सांगते. नवरा घरी असताना फोन त्याच्याकडे, म्हणून दुपारची वेळ. किंवा उलट, तो आला की फोन घरी येतो, म्हणून रात्रीची. वाचता न येणारीलाही आवाज कळतो, आणि साध्या बटणांच्या फोनवरही तो पोचतो. वजनाच्या कामात ही एकच सोय आधी उचलावी.

मग फोन कुणाच्या हातात द्यायचा? मला वाटतं, स्मार्टफोन वस्तीतल्या बाईच्या हातात असलाच पाहिजे असा हट्ट सोडून द्यावा आणि तो आशाताईच्या किंवा सिस्टरच्या हातात नीट द्यावा. उच्च रक्तदाबाच्या राष्ट्रीय उपक्रमात महाराष्ट्रात हे होऊन गेलं आहे. सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा, भंडारा हे सुरुवातीचे जिल्हे. तिथल्या आरोग्य केंद्रांत 'सिंपल' नावाचं अॅप सिस्टर वापरू लागल्या. रुग्ण आला की नाव शोधायचं, रक्तदाब टाकायचा, गोळी लिहायची, पुढची तारीख द्यायची. काही सेकंदांचं काम. जो तारखेला आला नाही त्याची यादी आपोआप बनते आणि त्याला फोन जातो. रुग्णाला फक्त यायचं असतं. त्याच्या फोनमध्ये काही उतरवून घ्यावं लागत नाही.

शहरात याचा पाया आधीच घातलेला आहे. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा, आजाराची जोखीम तपासणारा सीबॅक फॉर्म आशांनी भरायचा असतो. वय, तंबाखू, दारू, घरातला मधुमेह, आठवड्याचा व्यायाम, आणि कंबरेचा घेर. गुण चारच्या वर गेले की तपासणीला आधी पाठवायचं. म्हणजे टेप आशाताईच्या पिशवीत आहेच, नोंदही आहे. अडतं ते नंतर. फॉर्म भरून पोर्टलवर चढला की त्या बाईला पुन्हा कोण विचारतं? गाव ग्रामपंचायतीतून महापालिकेत गेलं, की जुनं केंद्र कुणाचं आणि नवीन कुणाचं यात लोक काही काळ हरवतात. त्यात काम सोडून दवाखान्यात जायचं म्हणजे एक दिवसाचा पगार.

आणि आशाताईंवर आणखी एक अॅप लादताना लाज वाटायला हवी. २०२३ च्या दिवाळीआधी राज्यातल्या आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या होत्या. मानधन वाढवा, दिवाळीची भेट द्या या मागण्यांबरोबर ऑनलाइन कामाच्या सक्तीची तक्रारही होती. स्वतःचा फोन, स्वतःचं रिचार्ज, रात्री जेवणं उरकल्यावर नोंदी. डिजिटल आरोग्याच्या प्रत्येक चकचकीत सादरीकरणाखाली अशा बाईची झोप गेलेली असते. तिच्या श्रमाचा मोबदला अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत लिहिलेला नसेल तर ती योजना गरिबांच्या आरोग्याची आहे असं म्हणू नये.

मांजरीत काय करता येईल हे म्हणून मला फार अवघड वाटत नाही. तीन महिन्यांतून एकदा घेर मोजायचा, रविवारी संध्याकाळी, वस्तीतच, कारण त्या वेळी घरकामवाल्या आणि वॉचमन यांच्यापैकी निदान निम्मे भेटतात. ज्यांचा घेर रेषेपलीकडे आहे त्यांना आठवड्याला एक आवाजी फोन, त्यांनी सांगितलेल्या वेळी. आवाज मराठवाड्यातल्या बोलीचा असावा, प्रमाण भाषणाचा नको. प्रश्न एकच. या आठवड्यात चहातली साखर अर्धी झाली का? पुढच्या महिन्यात दुसरा प्रश्न. रात्रीच्या भाताऐवजी भाकरी किती दिवस? पालेभाजी किती वेळा? एक दाबा, दोन दाबा, तीन दाबा. 'भोवळ आली' किंवा 'गोळी संपली' यासाठी वेगळा आकडा असावा आणि तो दाबला की त्याच दिवशी सिस्टरचा फोन यावा. यातला शेवटचा भाग सगळ्यात महाग आहे, कारण तिथं यंत्र संपून माणूस सुरू होतो, आणि याच जागी बहुतेक योजना पैसे वाचवतात.

बरोबरीनं दोन कामं फोनविना करावी लागतील. उपबाजारात दिवसअखेर उरणारी पालेभाजी ठरलेल्या स्वस्त दरानं वस्तीत नेणारा बचत गट, आणि रेशन दुकानात गव्हाच्या काही वाट्याऐवजी ज्वारी. ज्वारी सरकार खरेदी करतंच, मग पुण्याच्या दुकानात ती नियमित का येऊ नये हा प्रश्न मांजरीच्या नगरसेवकाला आणि आमदाराला विचारता येतो. सोसायट्यांच्या व्यवस्थापन समित्यांनाही एक विचारता येईल. बारा तासांच्या ड्युटीत वॉचमनला दोनदा पंधरा मिनिटं आवारात फिरायची मुभा आणि घरकामाच्या बाईला दुपारी बसून जेवायला अर्धा तास. याला कुठलं तंत्रज्ञान लागत नाही. समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घेतला की पुरे.

२०२५ च्या मार्चमध्ये वजन उतरवणारी टिर्झेपॅटाइडची इंजेक्शनं भारतात विक्रीला आली तेव्हा सर्वात कमी मात्रेची एक कुपी साडेतीन हजार रुपयांची होती आणि ती आठवड्याला एक लागते. औषध गुणकारी आहे, पुढे ते स्वस्तही होईल. पण तोवर वस्तीतली चाळिशीची बाई पन्नाशीला येईल. तिच्यासाठी आज परवडतं ते म्हणजे टेप, आठवड्याचा एक फोन, आणि तिला उलट फोन करणाऱ्या सिस्टरचा पगार. महापालिकेच्या आरोग्य विभागानं एका प्रभागात, दोन वर्षांसाठी, घेराच्या नोंदी उघड ठेवून हे करून पाहावं. घेर घटला नाही आणि वाढलाही नाही, तरी ते यश म्हणून मोजावं, असं आधीच लिहून ठेवावं.